लीडऑफ, क्लीनअप आणि मधले सगळे: क्रमांक बदलला की बॅटर बदलतो का?

गोफणगुंडा (धागालेखक)

"त्याला लीडऑफला पाठवू नका, तो तिथला बॅटरच नाही." बेसबॉलपटू काइल श्वार्बरबद्दल २०१७ साली हे इतक्या जणांनी म्हटलं की ते सिद्ध झाल्यासारखंच वाटायला लागलं होतं. शिकागो कब्जचे मॅनेजर जो मॅडन यांनी या धिप्पाड, पळायला संथ, होमरन (चेंडू थेट कुंपणापार) ठोकणाऱ्या गड्याला ऑर्डरमध्ये पहिला, म्हणजे लीडऑफला पाठवलं. तो चालला नाही. खाली आणलं, तरी चालला नाही. जूनमध्ये सरासरी (दर हजारी हिट किती) .१७१ वर असताना त्याची रवानगी मायनर लीगमध्ये झाली. निष्कर्ष तयारच होता: लीडऑफच्या ओझ्याने पोरगा बिघडला.

पुढे २०२१ च्या जूनमध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सकडून पहिल्या क्रमांकावर खेळताना याच माणसाने महिन्याभरात १६ होमरन मारले. फिलाडेल्फियाकडून २०२३ मध्ये सरासरी .१९७, पण होमरन ४७ आणि वॉक (चार चेंडू आवाक्याबाहेर पडले की फुकट मिळणारा पहिला बेस) १२६. २०२४ मध्ये सामन्यात संघाचा अगदी पहिला बॅटर म्हणून १५ होमरन, आणि हा एका हंगामाचा विक्रम आहे. माणूस तोच, जागा तीच, निकाल मात्र दरवेळी निराळा. तेव्हा जागेने नेमकं काय केलं, हा माझा प्रश्न.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. क्रमांक बदलला की बॅटरला मिळणाऱ्या संधी बदलतात, त्याच्या नावावर जमा होणारे आकडे बदलतात. बॅटर स्वतः फारसा बदलत नाही.

क्रिकेटवरून इकडे आलेल्यांसाठी एवढंच: इथे नऊ जणांची रांग गोल फिरते. अकरावा आला की संपलं असं नाही, नववा झाला की पुन्हा पहिला. त्यामुळे 'खालच्या क्रमांकावर बॅटिंगच मिळत नाही' हा प्रकार नाही, मिळते पण थोडी कमी. किती कमी, हे कागदावरही काढता येतं. सामना नऊपैकी कुठल्याही क्रमांकावर संपू शकतो. तो सहाव्यावर संपला तर पहिल्या सहांना बाकी तिघांपेक्षा एक पीए जास्त मिळाला (पीए म्हणजे प्लेट अपिअरन्स, बॅट घेऊन उभं राहण्याची प्रत्येक वेळ). हंगामात सामने १६२, क्रमांक ९, म्हणजे एक पायरी खाली उतरलं की वर्षाला साधारण १८ पीए कमी. पहिला आणि नववा यांच्यात सुमारे १४४. पहिला बॅटर वर्षाला साडेसातशेच्या आसपास, नववा सहाशेच्या थोडा वर.

आता आकडे कसे सरकतात ते बघा. माइक ट्राउट २०१२ मध्ये मुख्यतः लीडऑफ खेळला. ओपीएस, म्हणजे ऑन-बेस टक्केवारी (किती वेळा बेस गाठला) आणि स्लगिंग (फटक्यांनी सरासरी किती बेस मिळवले) यांची बेरीज, .९६३. आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर संघाला मिळालेल्या धावा) ८३. २०१४ मध्ये तो मुख्यतः दुसरा खेळला. ओपीएस .९३९, म्हणजे किंचित कमीच. आरबीआय १११, अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) सर्वाधिक. शिवाय एमव्हीपीचा (लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा) किताब. २०१४ चा ट्राउट जास्त चांगला बॅटर होता का? नाही. तो जास्त सामने खेळला आणि त्याच्यासमोर बेसवर जास्त माणसं उभी होती.

आता हाणा.

---

रानभूल

रुमाल टाकून ठेवते. रात्री निवांत वाचेन.

---

पाऊणवाट

धागा आवडला, पण पटला नाही. कुठलंही वर्ष काढा, क्रमांकवार आकडे बघा. पहिल्या चार जागांचा ओपीएस वर, आठव्या-नवव्याचा खाली. दरवर्षी हेच. इतकं सातत्य असताना 'जागेने फरक पडत नाही' कसं म्हणायचं?

---

तळटीप

@पाऊणवाट, अहो, चांगला आहे म्हणून त्याला तिसरा पाठवतात. तिसरा पाठवला म्हणून तो चांगला झाला नाही. ते आकडे बॅटरबद्दल काही सांगत नाहीत, मॅनेजर आपल्या माणसांना कसा क्रम लावतो एवढंच त्यातून कळतं.

यावर लगेच उत्तर येतं की मग एकाच खेळाडूची तुलना करा, दुसऱ्यावर खेळताना कसा आणि सातव्यावर खेळताना कसा. रास्त आहे. पण तिथेही तीन खड्डे आहेत, आणि गोफणगुंडांनी ते सांगायला हवे होते.

पहिला खड्डा: माणसाला खाली कधी आणतात? तो झगडत असताना. वर कधी नेतात? तो तापलेला असताना. .१८० वर रखडलेला .२७० चा बॅटर कधी ना कधी .२७० कडे परत जाणारच. मॅनेजरने त्याला सातव्यावर नेल्यावर तो परतला की श्रेय सातव्या क्रमांकाला. "दडपण उतरलं, मोकळा खेळला." दुसऱ्यावरच ठेवला असता तरी बहुधा परतला असता, पण ते बघायची सोय नाही. संख्याशास्त्रात ही सरासरीकडे परतण्याची गोष्ट जुनीच आहे, आणि बेसबॉलच्या बातम्यांत ती रोज नव्या नावाने छापून येते.

दुसरा खड्डा जास्त चोरटा आहे. अनेक डावखुरे बॅटर उजव्या पिचरविरुद्धच (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा) वरच्या क्रमांकावर खेळतात. समोर डावखुरा पिचर आला की त्यांना सहाव्या-सातव्यावर ढकलतात किंवा बसवतात. डावखुऱ्या बॅटरला उजवा पिचर सोपा जातो, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे त्याचा 'लीडऑफचा' आकडा सोप्या पिचरविरुद्धचा आणि 'सातव्याचा' कठीण पिचरविरुद्धचा. तुलना क्रमांकांची केल्यासारखी वाटते, होते पिचरांची.

तिसरा: खालच्या क्रमांकांच्या आकड्यांत पिंच हिटर (ऐनवेळी उतरवलेले बदली बॅटर) मिसळलेले असतात. बाकावर दोन तास बसून थेट आठव्या इनिंगमध्ये ताज्या रिलीव्हरसमोर (मध्येच आलेल्या बदली पिचरसमोर) उभं राहणाऱ्याची टक्केवारी घसरते, मग तो कितीही चांगला असो.

आणि संख्या किती लहान असतात तेही बघा. १०० पीएमध्ये .३३० ऑन-बेस असलेला माणूस नुसत्या योगायोगाने ४५-५० पॉइंट इकडे-तिकडे जातो. .२८० दिसला तर "हरवला", .३८० दिसला तर "सापडला". दोन्ही वेळा माणूस .३३० चाच.

---

तिरकस

वा! म्हणजे मॅनेजर, खेळाडू, समालोचक सगळे शंभर वर्षं भ्रमात, आणि शहाणे काय ते कॅल्क्युलेटरवाले.

रिच ऑरिलिया घ्या. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स, २००१. दुसऱ्या क्रमांकावर हा, तिसऱ्यावर बॅरी बाँड्स. मागे बाँड्स उभा असताना ऑरिलियाला वॉक देऊन बेसवर कोण पाठवणार? पिचरला प्लेटवर चेंडू टाकावेच लागत होते. निकाल: .३२४, ३७ होमरन, २०६ हिट, नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक. त्याच्या आदल्या वर्षी २० होमरन. पुढच्या वर्षी १५.

अजून जुनं हवं? रॉजर मॅरिस, १९६१. ६१ होमरन आणि हेतुपुरस्सर दिलेले वॉक शून्य. एकही नाही! कारण मागे मिकी मँटल, ज्याने स्वतः त्या वर्षी ५४ मारले. याला संरक्षण म्हणतात. क्रमांकाने फरक पडत नाही म्हणे.

---

रानभूल

तिरकसराव, मॅरिसचं उदाहरण जोरदार आहे. पण मँटल शेवटच्या दिवसांत आजारपणामुळे खेळतच नव्हता ना? एकसष्टावा होमरन आला १ ऑक्टोबरला, तेव्हा मँटल हॉस्पिटलात होता. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये दोन नवे संघ आले, सामने १५४ वरून १६२ झाले, म्हणजे नवखे पिचरही वाढले. एवढ्या गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय एकट्या मँटलला देणं जरा जास्तच होतं.

शून्य हेतुपुरस्सर वॉक मात्र मँटलमुळेच, यात वाद नाही.

---

उत्तरध्रुव

संरक्षणाच्या मुद्द्याची दोन भागांत फोड करू या, नाहीतर हा वाद कधीच संपत नाही.

भाग एक: मागे कोण आहे त्यावरून पिचर तुम्हाला किती चेंडू खेळण्याजोगे देतो? इथे फरक पडतो, निर्विवाद. बाँड्सचं २००४ काढा. ६१७ पीए, त्यांतले २३२ वॉक, त्यांतले १२० हेतुपुरस्सर. ऑन-बेस .६०९. प्रतिस्पर्ध्यांनी ठरवलं होतं की याच्याशी खेळायचंच नाही, मागचा जो कोणी असेल तो परवडला.

भाग दोन: मिळालेल्या चेंडूंवर तुम्ही जास्त चांगले खेळता का? इथे पुरावा विरघळतो. मागे कमकुवत बॅटर असला की वॉक वाढतात, हे विश्लेषकांनी अनेकदा तपासलं आहे. पण चेंडू बॅटला लागल्यावर काय होतं, त्यात मागच्या माणसामुळे जवळपास काहीच फरक सापडत नाही. तुमचा मूळ दर्जा तोच राहतो. बाँड्सने २००४ मध्ये कुठलंही 'संरक्षण' नसताना, जे थोडे चेंडू मिळाले त्यांवर .३६२ आणि ४५ होमरन काढले, अवघ्या ३७३ अॅट-बॅटमध्ये (वॉक वगैरे वगळून उरलेले पीए).

अलीकडचं उदाहरण आणखी स्वच्छ आहे. यँकीज, २०२४: दुसरा हुआन सोतो, तिसरा ॲरन जज. सोतो ४१ होमरन, जज ५८. सगळे म्हणत होते की ही जोडी एकमेकांना पोसते. २०२५ मध्ये सोतो मेट्सकडे गेला. तिथे त्याच्यामागे जज नव्हता, इकडे जजच्या पुढे सोतो नव्हता. सोतोने ४३ मारले, जजने ५३ मारून सरासरीत लीग जिंकली, .३३१. कोसळलं कोणीच नाही.

ऑरिलियाबद्दल: २००२ मध्येही बाँड्स त्याच संघात होता आणि .३७० मारत होता. ऑरिलियाला त्या वर्षी कोपराचं दुखणं होतं हे मान्य, पण 'बाँड्स असला की ऑरिलिया फुलतो' एवढं सरळ ते नाही. एखाद्या चांगल्या शॉर्टस्टॉपचं एक वर्ष आयुष्यातलं सर्वोत्तम निघतंच. ते नेमकं बाँड्सच्या ७३ होमरनच्या वर्षात आलं म्हणून गोष्ट बनली.

---

तिरकस

'गोष्ट बनली' काय. पिचर प्लेटवर चेंडू टाकतो, बॅटर ते मारतो. यात न समजण्यासारखं काय आहे?

---

उत्तरध्रुव

न समजण्यासारखं हे की खेळण्याजोगा चेंडू जास्त मिळाला म्हणजे वॉक कमी झाला. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं. हिट वाढले तरी वॉक घटल्याने ऑन-बेस फारसा वाढत नाही, एकूण किंमत जवळपास तिथेच. तुम्ही फक्त होमरनचा स्तंभ बघताय.

---

संथगती

मी या सगळ्यात नवीन आहे, त्यामुळे बाळबोध प्रश्न. सर्वांत चांगला बॅटर तिसरा का पाठवतात? चौथा का नाही, पहिला का नाही?

---

गोफणगुंडा

@संथगती, प्रश्न बाळबोध अजिबात नाही, सगळ्या धाग्यात यावर सर्वाधिक गणित झालेलं आहे.

परंपरा अशी: पहिला चपळ, बेसवर पोचणारा. दुसरा बॅटवर ताबा असलेला, गरज पडली तर बंट टाकून (चेंडू हलकेच ढकलून) पहिल्याला पुढे सरकवणारा. तिसरा सर्वोत्तम. चौथा क्लीनअप, बेसवरची माणसं घरी आणणारा. यँकीजनी १९२९ मध्ये शर्टांवर नंबर घातले ते ऑर्डरप्रमाणेच: बेब रूथ ३, लू गेरिग ४. म्हणजे आज निवृत्त केलेले (पुन्हा कोणाला न दिले जाणारे) ते पवित्र आकडे मुळात बॅटिंगचे क्रमांक आहेत.

आता पहिली इनिंग डोळ्यांसमोर आणा. सरासरी बॅटर तीनदा आला तर साधारण दोनदा आउट होतो, वरचे जरा कमी. पहिला आउट होण्याची शक्यता ६७ टक्के धरा, दुसऱ्याचीही तेवढीच. गुणाकार केला की ४५ टक्के. म्हणजे जवळपास निम्म्या सामन्यांत तुमचा सर्वोत्तम बॅटर पहिल्यांदा येतो तेव्हा दोन आउट, बेस सगळे रिकामे. त्याने दुहेरी (दोन बेस मिळवणारा फटका) मारली तरी पुढच्याने आउट झालं की संपलं. चौथ्याचं तसं नाही. तो पहिल्या इनिंगमध्ये आलाच तर पहिल्या तिघांपैकी कोणीतरी बेस गाठलेलाच असतो. आणि तिघेही आउट झाले, तर तो दुसऱ्या इनिंगची सुरुवात करतो, शून्य आउट असताना. दोन्ही परिस्थिती तिसऱ्यापेक्षा बऱ्या.

म्हणून टॉम टँगो वगैरे आकडेतज्ज्ञ मंडळींनी हिशेब करून सांगितलं की तुमचे तीन सर्वोत्तम बॅटर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर ठेवा. पहिल्यावर होमरन कमी पण बेस जास्त गाठणारा, चौथ्यावर जास्त ताकदीचा, दुसरा दोन्हींचं मिश्रण. गेल्या दहा-पंधरा वर्षांत दुसरा क्रमांक बदलला तो यातूनच. पूर्वी तिथे बंट टाकणारा असायचा, आता तिथे ट्राउट, जज, ओहतानी दिसतात.

आणि हेही सांगतो, नाहीतर कोणी मॅनेजरला फासावर चढवेल: नेहमीची समजूतदार ऑर्डर आणि गणिताने काढलेली सर्वोत्तम ऑर्डर यांत वर्षाला फरक १०-१५ धावांचा. दहा धावांमागे साधारण एक विजय. नऊ जणांचे ३,६२,८८० क्रम लागू शकतात, आणि त्यांतला आदर्श सापडला तरी कमाई एखाद्या विजयाची.

---

पाऊणवाट

एखाद्या विजयाची कमाई लहान आहे का हो? एका विजयाने प्लेऑफ हुकतात.

---

तळटीप

पाऊणवाट यांना +१. आणि यावरून बिली मार्टिन आठवले. १३ ऑगस्ट १९७२, डेट्रॉइट टायगर्स. संघाच्या बॅटा थंड पडलेल्या. मार्टिननी नावं टोपीत टाकली आणि जशी निघाली तशी ऑर्डर लावली. होमरन मारणारा नॉर्म कॅश पहिला, आणि एडी ब्रिंकमन चौथा. ब्रिंकमन म्हणजे फील्डिंग अव्वल पण त्या वर्षीची सरासरी .२०३. डेट्रॉइट क्लीव्हलंडविरुद्ध ३-२ ने जिंकलं. त्या हंगामात डेट्रॉइटने विभाग जिंकला तो अर्ध्या सामन्याच्या फरकाने! म्हणजे टोपीने विभाग जिंकून दिला म्हणायलाही वाव आहे. मी तसं म्हणत नाही, पण तिरकस म्हणतील.

---

तिरकस

तिरकस हेच म्हणतो की खेळाडूंना हसू आलं, दडपण गेलं, जिंकले. ते तुमच्या ३,६२,८८० मध्ये कुठे बसतं?

---

रानभूल

अवांतर नाही, मुद्द्याचंच. आठव्या क्रमांकाबद्दल कोणी बोललं नाही, आणि 'जागा आकडे बदलते' याचं सगळ्यांत शुद्ध उदाहरण तेच आहे.

नॅशनल लीगमध्ये २०२२ पासून डीएच, म्हणजे पिचरऐवजी बॅटिंग करणारा खास बॅटर, कायमचा आला (अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासूनच होता, २०२० मध्ये नॅशनल लीगने एक वर्ष वापरून पाहिला). त्याआधी तिथे नववा बॅटर बहुधा पिचर. म्हणजे आठव्याच्या मागे असा माणूस, ज्याला बॅटिंग जवळजवळ येतच नाही. दोन आउट असतील, दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणसं असतील, तर आठव्याला सरळ वॉक द्यायचा आणि पिचरला गाठायचं. त्यामुळे नॅशनल लीगच्या आठव्या बॅटरची ऑन-बेस टक्केवारी फुगलेली असायची. करार करताना संघांना ती हवा काढून बघावी लागे. तोच खेळाडू दुसऱ्यावर आणला की वॉक गायब.

यातला मजेशीर उपाय टोनी ला रूसा यांचा. कार्डिनल्सकडे १९९८ मध्ये मार्क मॅग्वायर तिसरा खेळत होता, ७० होमरनचं वर्ष. त्यांनी पिचरला आठवा आणि खऱ्या बॅटरला नववा पाठवायला सुरुवात केली. कारण रांग गोल आहे. पहिली फेरी संपल्यावर नववा हा मॅग्वायरच्या तीन जागा आधीचा माणूस. तिथे पिचर असण्यापेक्षा बेस गाठणारा कोणी बरा. लोकांनी वेड्यात काढलं. नंतर मॅडननी कब्जमध्ये तेच केलं.

डीएच आल्यावर हा सगळा प्रकारच इतिहासजमा झाला, आणि मला त्याचं वाईट वाटतं. पिचरची बॅटिंग बघवत नसे, पण मॅनेजरच्या डोक्याला खाद्य होतं.

---

गोफणगुंडा

रानभूल, उत्तम. हे धाग्यातच असायला हवं होतं. जागेमुळे आकडा बदलण्याच्या अजून दोन लहान गोष्टी जोडतो. चौथ्या-पाचव्याला तिसऱ्या बेसवर माणूस जास्त वेळा मिळतो, म्हणजे सॅक्रिफाइस फ्लाय (झेल गेला तरी तिसऱ्या बेसवरचा घरी येतो असा फटका) जास्त. ते अॅट-बॅटमध्ये धरत नाहीत, तेव्हा उंच मारून झेलबाद झालात तरी सरासरी घसरत नाही. लीडऑफवाल्याने बेस रिकामे असताना तोच चेंडू तसाच मारला तर आउट आणि सरासरीलाही फटका. दुसरी: पहिल्या बेसवर माणूस असला की फर्स्ट बेसमनला बेसजवळ थांबावं लागतं, उजवीकडे भोक पडतं. डावखुऱ्याला ते हिट आयतेच. शिवाय पिचर स्ट्रेचमधून (धावपटूला रोखायच्या आखूड पवित्र्यातून) टाकत असतो, डोकं धावपटूकडे. सगळ्याच बॅटरांचे आकडे अशा वेळी थोडे वर जातात. क्रमांकाचा 'परिणाम' म्हणतात त्यातला बराचसा इथून येतो.

---

संथगती

मग लीडऑफला होमरनवाला ठेवणं म्हणजे होमरन वाया घालवणं नाही का? बेसवर कोणीच नाही, एकच धाव.

---

तळटीप

सामन्याचा पहिला पीएच फक्त नक्की रिकाम्या बेसवरचा. नंतरचे तीन-चार कोणाच्याही मागे येऊ शकतात, पण ते कोणीतरी म्हणजे सातवा, आठवा, नववा, संघातले सगळ्यांत दुबळे. त्यामुळे नुकसान आहे, पूर्ण नाही. त्या बदल्यात तुमच्या सर्वोत्तम माणसाला वर्षाला चौथ्यापेक्षा पन्नासेक पीए जास्त. जज २०२२ मध्ये ६२ होमरनच्या मागे असताना शेवटच्या टप्प्यात त्याला लीडऑफ आणलं ते याच हिशेबाने, आणि बासष्टावा आला तो सामन्याचा पहिला बॅटर म्हणूनच, टेक्सासमध्ये. ओहतानीला २०२४ च्या जूनमध्ये मुकी बेट्सचा हात मोडल्यावर पहिल्यावर नेलं. ऑगस्टमध्ये बेट्स परतला तरी ओहतानी तिथेच राहिला. वर्षअखेर ५४ होमरन, ५९ बेस चोऱ्या, आणि आरबीआयही १३०. म्हणजे लीडऑफ आहे म्हणून आरबीआय आटतात असंही नाही, फक्त खालचे बॅटर बरे हवेत.

हा ताकदवान लीडऑफचा प्रकार नवा नाही. बॉबी बाँड्सने १९७३ मध्ये ११ सलामीचे होमरन मारले, ब्रेडी अँडरसनने १९९६ मध्ये १२, अल्फोन्सो सोरियानोने २००३ मध्ये १३. त्या काळी ते अपवाद वाटायचे एवढंच. रिकी हेंडरसन तर दोन्ही होता: १४०६ चोऱ्या आणि कारकिर्दीत ८१ सलामीचे होमरन.

---

तिरकस

श्वार्बरला २०२५ मध्ये लीडऑफवरून खाली आणला. ५६ होमरन, १३२ आरबीआय. सोयीस्करपणे विसरलात का?

---

गोफणगुंडा

विसरलो नाही, वाट बघत होतो कोण आणतो याची :) आरबीआय १०४ वरून १३२ झाले, त्यातला काही भाग जागेचा, नक्कीच. तेच तर म्हणतोय. पण होमरन ३८ वरून ५६ हे जागेने कसे होतील? पहिल्यावर असताना त्याने ४७ मारलेले आहेत. जो माणूस पहिल्यावर ४७ आणि ३८ मारतो, त्याचं ५६ चं वर्ष खाली सरकल्यामुळे आलं म्हणायचं, तर ४७ आणि ३८ मधल्या फरकाचं काय? तेव्हा जागा तीच होती.

---

उत्तरध्रुव

तिरकस यांच्या दडपणाच्या मुद्द्यावर मात्र मी अर्धा त्यांच्या बाजूने आहे. दिनक्रम बदलतो हे खरं. घरच्या मैदानावरचा लीडऑफ फील्डिंग करून पळत आत येतो, ग्लोव्ह टाकतो, लगेच बॅट घेऊन उभा. पिचरचे चेंडू बघायला वेळ नाही. पाचव्याला तो वेळ मिळतो. काहींना ते जड जातं. सगळ्यांना जातं असं मात्र दिसत नाही, आणि कोणाला जाईल हे आधी ओळखण्याची युक्ती अजून कोणाकडे नाही.

याचं टोकाचं उदाहरण १७ ऑक्टोबर २०२५, लॉस एंजेलिस. ब्रुअर्सविरुद्ध ओहतानी स्वतः पिचर आणि स्वतःच लीडऑफ. पहिल्या इनिंगमध्ये तिघांना स्ट्राइकआउट केलं, आत आला, हेल्मेट घातलं आणि होमरन मारला. सामन्यात एकूण तीन होमरन, सहा इनिंगमध्ये शून्य धावा, दहा स्ट्राइकआउट. दिनक्रम वगैरे त्याला सांगू नये.

पिचरच्या बाजूनेही बघा. रेज संघाने २०१८ मध्ये 'ओपनर' काढला: १९ मे रोजी सर्जिओ रोमो या रिलीव्हरला पहिली इनिंग टाकायला लावली. कारण सगळ्या सामन्यात पहिली इनिंग ही एकच अशी की जिथे समोरचा आपले सर्वोत्तम बॅटर हव्या त्या क्रमाने आणतो. म्हणून तिच्यात धावा जास्त होतात आणि दुसरीत एकदम घसरतात. वरच्या तिघा-चौघांना दणकट रिलीव्हरने गाठायचं, मग मूळ पिचर आणायचा. म्हणजे तो वरच्या फळीला तिसऱ्यांदा भेटतो ते उशिरा किंवा भेटतच नाही. बॅटर त्याच पिचरला तिसऱ्यांदा बघतो तेव्हा जास्त मारतो, हे आकड्यांत पक्कं दिसतं. हा फायदा सर्वांत आधी वरच्या क्रमांकांना मिळायचा. आता मॅनेजर नेमक्या त्याच वेळी पिचर बदलतात.

---

पाऊणवाट

तळटीप, तुमच्या तीन खड्ड्यांत चौथा घाला. नवखा खेळाडू बहुधा सातव्या-आठव्या-नवव्यावर सुरू होतो. एक-दोन वर्षांत वय वाढतं, ताकद येते, मेजर लीगचे पिचर कळायला लागतात, आणि त्याच काळात त्याला वर सरकवतात. मग त्याच्या कारकिर्दीच्या आकड्यांत आठव्यावरचा म्हणजे २२ वर्षांचा आणि तिसऱ्यावरचा म्हणजे २६ वर्षांचा. म्हातारपणी उलट, तिशी सरली की पुन्हा सहाव्या-सातव्यावर.

---

तळटीप

बरोबर, आणि तो सर्वांत मोठा असावा. क्रमांकवार तुलना करायचीच तर एकाच हंगामातली, एकाच हाताच्या पिचरविरुद्धची, पिंच हिटिंग वगळून, आणि क्रमांक बदलण्याचं कारण बॅटरचा फॉर्म नसून दुसऱ्या कोणाची दुखापत असेल असेच प्रसंग घेऊन करायला हवी. ओहतानीचं २०२४ त्यात बसतं, कारण हात बेट्सचा मोडला होता. अशी अजून उदाहरणं कोणाला आठवत असतील तर इथे टाका. ऑर्डर बदलली, पण बदललेल्याचा स्वतःचा काही दोष किंवा पराक्रम नव्हता, एवढी एकच अट.

---

तिरकस

आणि ती सगळी माझ्या बाजूची निघाली तर?

---

तळटीप

तर धाग्याचं शीर्षक बदलायला संपादकांना मी स्वतः कळवेन. पण आधी उदाहरणं टाका.